दरवर्षी एसीत गॅस भरून थकलो, आता नवीन घेऊ की आईचं ऐकून कूलर काढू? (भुसावळ)

तापीकाठ_भुसावळ
राम राम मंडळी. वरचा मजला, डोक्यावर डायरेक्ट स्लॅब, त्यात बेडरूमची भिंत पश्चिमेची. दीड टनाचा स्प्लिट आहे, २०१४ चा, आर-२२ गॅसवाला. गेले ३ उन्हाळे दर एप्रिलला मिस्त्री येतो, गॅस कमी झाला म्हणतो, भरतो, पैसे घेतो आणि मे संपायच्या आत परत नुसती पंख्यासारखी हवा. यंदा म्हणे मशीन संपलं, नवीनच घ्या. आई म्हणते एसी-बिसी काही नको, माळ्यावरचा लोखंडी कूलर काढ. पारा ४५ च्या वर जाऊन राहिला, रात्री २ वाजता भिंतीला हात लावला तरी गरम लागते. ४० हजारापर्यंत ताणू शकतो पण उगाच घालवायचे नाहीत. काय करू?

नट_पाना_जळगाव
भो, १८ वर्षं हेच काम करून राहिलो म्हणून सांगतो, गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नाही की चालवलं आणि संपलं. तो बंद नळीत गोल फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. गळती न शोधता ३ वेळा भरला म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतलं. नायट्रोजन भरून प्रेशरला ठेवायचं, साबणाचा फेस लावून जॉइंट पाहायचे. बऱ्याचदा फ्लेअर नटलाच (तांब्याची नळी जोडायचा नट) गळती सापडते, ती थोडक्यात निघते. पण आतली कॉइलच सडली असेल तर एवढ्या जुन्या मशीनवर खर्च करू नका. आणि भरताना आधी व्हॅक्युम, म्हणजे नळीतली हवा ओढून काढायची, आणि मग वजनावर गॅस, नुसता गेज पाहून अंदाजाने नको. कोणी म्हटलं आर-२२ च्या मशीनमध्ये आर-३२ (नव्या एसीतला गॅस) टाकून देतो, तर त्याला चहा पाजून परत पाठवा, त्याचं प्रेशर जास्त, तेल वेगळं आणि तो थोडा पेट घेणारा पण आहे.

आउटडोअर कुठे आहे ते सांगितलं नाही तुम्ही. पश्चिमेला उन्हात असेल आणि जाळीत धूळ न् कापसाचा पिंजा अडकला असेल तर नवीन मशीन पण रडेल. एसीचा टन म्हणजे थंड करायची ताकद, ती मोजतात बाहेर ३५ डिग्री धरून, आपल्याकडे ४५ ला तोच दीड टन दीड टन राहत नाही.

धुळेकर_मावशी
आई बरोबर म्हणतेय रे बाबा! कोरड्या हवेत कूलरसारखं काही नाही. ४५ डिग्री आणि हवा एकदम कोरडी असली की चांगल्या पॅडमधून २७-२८ ची हवा येते. फक्त दोन गोष्टी लोक चुकतात. एक म्हणजे खोली बंद करून कूलर लावतात, मग अर्ध्या तासात चिकचिक. कूलर खिडकीच्या बाहेर आणि समोरची खिडकी थोडी उघडी, ओली हवा बाहेर जायला पाहिजे. दुसरं म्हणजे पाणी. बोअरचं पाणी जड, ते उडून जातं आणि क्षार खाली राहतो, टाकीत वरून नुसती भर घालत राहिलं की पॅड दगड होतो. मी ३-४ दिवसांनी टाकी पूर्ण ओतून टाकते, झाडांना नाही, मोरीत. गवताचे पॅड दर फाल्गुनात नवे घेते, हनीकॉम्बचे लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून चालवते. आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी ठेवायचीच, डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच होतो.

मृगाचा पाऊस पडला की मात्र कूलर गप्प. तेव्हा हवाच ओली, पाणी उडायला जागाच नाही.

नट_पाना_जळगाव
मावशी, लोखंडी कूलर म्हणून एक भर घालतो. माळ्यावरून काढला की आधी थ्री पिन आणि अर्थिंग तपासा, बोर्डात ३० मिलीॲम्पचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. दर उन्हाळ्यात ओल्या हाताने कूलरला चिकटल्याच्या बातम्या येतातच. पाणी टाकायचं तर नुसता स्विच बंद करून नाही, प्लग काढून.

धाब्याचं_घर
सगळे मशीनवर बोलून राहिले, रात्री २ ला भिंत गरम आहे हे कोणी वाचलंच नाही का. ऊन स्लॅबवर पडतं, स्लॅब दिवसभर पितो आणि रात्री तुमच्या अंगावर सोडतो, एसी बिचारा त्या स्लॅबशी भांडतो. आमच्या आजोबांचं घर धाब्याचं होतं, वर खारी माती, मे महिन्यात दुपारी आत झोप लागायची. आता कोणी धाबं घालत नाही आणि पावसाळ्यात ते गळायचं पण, खोटं कशाला बोलू. पण गच्चीला चुना तर लावता येतो. मी चुन्यात फेव्हिकॉल घालून दोन हात मारले, पश्चिमेच्या खिडकीबाहेर हिरवी जाळी टांगली. दोन-तीन हजारात काम झालं. एसी घेतला तरी हे आधी करा.

खान्देशी_इंजिनिअर
नवीन घ्यायचाच झाला तर इन्व्हर्टर एसी घ्या (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा, बॅटरीवाला इन्व्हर्टर नाही), ३ स्टार की ५ स्टार हे तासांवर ठरवा. लेबलवरचे युनिट वर्षाला १६०० तास आणि बाहेर २४ ते ४३ डिग्री धरून काढलेले असतात. रोज रात्री ८ तास मार्च ते जून म्हणजे हजारच्या आसपास तास, ३ स्टार पुरतो. दिवसभर माणसं घरात असतील तर ५ स्टार. दुकानदार २ टन गळ्यात मारेल, आधी खोलीचं माप सांगा. आणि रात्री व्होल्टेज मोजा, १८० ला जात असेल तर आधी स्टॅबिलायझर. धुळे-नंदुरबारच्या लोकांना थंडी जास्त वाजत असेल तर हॉट-कोल्ड मॉडेल पाहा, त्याच उबेला कॉइलच्या हीटरपेक्षा बरीच कमी वीज लागते. भुसावळला मला तरी गरज वाटत नाही.

तापीकाठ_भुसावळ
उशिरा लिहितोय, माफी. दुसरा मिस्त्री बोलावला, गळती आउटडोअरच्या नटलाच निघाली, ३ वर्षं कोणी साबण लावून पाहिलाच नाही राव. व्हॅक्युम करून वजनावर गॅस भरला, कॉइल धुतली तर कापसाची अक्षरशः गादी निघाली. रविवारी मी आणि भाच्याने गच्चीला चुना मारला, भाच्याचे केस अजून पांढरे आहेत. आता रात्री २६ वर लावतो तरी पांघरूण लागतं. कूलर पण काढला, पत्रा खालून सडलेला होता, वेल्डिंगला दिलाय. आई रोज विचारते आला का म्हणून.