सीओटूची 'गादी' आणि उघडा केग

कडूघोट (न्यू जर्सी):
घरी बियर बनवणाऱ्यांच्या या गप्पांत काल एकाने ठोकून दिलं: "सीओटू हवेपेक्षा जड. केगमध्ये दहा सेकंद सोडला की तळाशी त्याची गादी बसते. मग झाकण काढून नळीने खुशाल बियर उतरवा. ऑक्सिजनचा बाऊ दुकानदारांनी केलाय." केग म्हणजे बियर साठवायचं बंद पिंप, आणि तो भरताना ऑक्सिजन आत गेला की बियरची चव बिघडते, वाद त्यावर. तिथेच उत्तर लिहीत होतो, ते लांबलं म्हणून वेगळा धागा.

अहो, जड असला तरी वायू एकमेकांत मिसळतात. कोपऱ्यात उदबत्ती लावली तर वास कोपऱ्यातच बसून राहतो का? त्यात तुम्ही दाबाने फवारा मारताय, म्हणजे वर आणि ढवळताय.

आता "मी झाकण लावून तीनदा पर्ज करतो" वाले. पर्ज म्हणजे ३० पीएसआय दाबाला सीओटू भरून सोडून देणं; तसं केलं की दर वेळी साधारण एक तृतीयांश ऑक्सिजन उरतो. हवेत असतो २,१०,००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). तीनदा केल्यावर उरतो सात हजारांच्या वर. एक आकडी पीपीएमला यायला दहादा करावं लागतं, आणि १९ लिटरच्या रिकाम्या केगवर त्यात पाच पौंडी सिलिंडरचा जवळजवळ तिसरा हिस्सा उडतो.

त्यापेक्षा केग स्टार सॅन या जंतुनाशक द्रावणाने काठोकाठ भरा. तिरका करून झाकणावरचा व्हॉल्व्ह ओढा, म्हणजे वर अडकलेला हवेचा बुडबुडाही जातो. मग सीओटूने सगळं बाहेर ढकला आणि लिक्विड पोस्टमधून (एरवी बियर बाहेर येते त्या जोडातून) बंद नळीने बियर आत घ्या. सिलिंडरही वाचवायचा असेल तर फर्मेंटरची (बियर आंबवायच्या भांड्याची) वायू बाहेर सोडणारी ब्लो-ऑफ नळीच केगला जोडा. १.०५० घनतेच्या १९ लिटर वर्टमधून (अजून न आंबलेल्या गोड द्रवातून) साडेतीनशे लिटरच्या वर सीओटू निघतो. फुकट.

फेसाळबंडू:
गादीवाला मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.
गणित छान आहे, फ्रेम करून लावा. माझा केग शनिवारी भरतो आणि पुढच्या लाँग वीकेंडला मित्रमंडळी तो पालथा घालतात. आजवर एकानेही "पुठ्ठ्याची चव लागते" म्हटलेलं नाही. उलट "अजून आहे का?" विचारतात.

कडूघोट:
फुकटची बियर पिणारे मित्र परीक्षक म्हणून धरायचे नसतात, बंडूशेठ.

इसारकाठचा_पाटील (म्युनिक):
मी केगच्या भानगडीत पडत नाही. बाटलीत मोजून साखर घालतो, यीस्ट पुन्हा जागं होतं आणि आत आलेला ऑक्सिजन खातं. केगमध्येही हे करता येतं. पण मूळ रोग वेगळाच आहे. ही सगळी रडारड हेझीवाल्यांची, म्हणजे गढूळ बियर करणाऱ्यांची. मूठमूठ ओट्स, वरून पोतंभर हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं), ग्लासात गढूळ संत्र्याचा रस. तो काळवंडला की दोष ऑक्सिजनला! साधी फिकी लागर, हेलेस करा, झोप लागेल.

व्हर्मॉंटची_मावशी:
हेझीने तुमचं काय घोडं मारलंय? ड्राय हॉपचे, म्हणजे न उकळता शेवटी घातलेल्या हॉप्सचे, पॉलिफेनॉल ऑक्सिजनला आधी बळी पडतात, म्हणूनच ती बियर नीट भरायला कसब लागतं. माझी एक बॅच केगात गेली तेव्हा पिवळीधमक होती. आठवड्याने नळ उघडला तर राखाडी-जांभळट, भांडी विसळलेल्या पाण्यासारखी. केग भरताना हवेचा थेंब आत गेला नव्हता! कोल्ड क्रॅशला, म्हणजे गाळ बसवायला गार करताना, फर्मेंटर थंड झाला आणि एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या बुचातून) खोलीतली हवा आत ओढली गेली. आता सीओटू भरलेला फुगा लावते. कडूघोटांच्या लांबलचक पोस्टमध्ये याचा उल्लेख का नाही?

इसारकाठचा_पाटील:
ताई, रंग गेला म्हणजे रसाचं सरबत झालं, एवढंच.

व्हर्मॉंटची_मावशी:
ताई म्हणू नका. आणि तुमचं हेलेस जुनं झालं की त्यालाही ओल्या पुठ्ठ्याची चव येतेच. फक्त रंग दगा देत नाही म्हणून तुम्हाला उशिरा कळतं.

सदाशिव_पेठी_कोरडा:
तुमचं चालू द्या. इथे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे प्यायलाही परवाना लागतो, घरी बनवणं तर दूरच. ब्रूपबमधून ग्राउलर (घरी न्यायची मोठी बाटली) भरून आणावा तर पोऱ्या तो उघड्या नळाखाली धरतो, अर्धा फेस जमिनीवर. बाटलीत नळी घालून तळापासून भर म्हटलं तर "साहेब, सगळे असंच नेतात". दुसऱ्या दिवशी हॉप्सचा वास गायब. यावर कुणी धागा काढत नाही.

कडूघोट:
कोरडेराव, झाकण फेसावरच लावायला सांगा आणि त्याच रात्री संपवा. दुसरा इलाज नाही.
मावशी, फुग्याचं बरोबर. पाटील, यीस्ट ऑक्सिजन खातं, पण सगळा नाही. आणि हेझीसाठी वेगळा धागा काढा.

इसारकाठचा_पाटील:
खातं हे मान्य केलंत, आनंद आहे. आता सांगा, बियर कुठल्या नळीने सरकवता? सिलिकॉन असेल तर तुमचे पीपीएम विसरा, तिच्यातून ऑक्सिजन आरामात आत येतो.

कडूघोट:
नळीतून बियर जाते पाच-दहा मिनिटं. पण बरं, टॅपची लाइन बदलतो. तीच दिवसरात्र भरलेली असते.

फेसाळबंडू:
स्टार सॅनवाली युक्ती पुढच्या केगला करून बघेन. गणित पटलं म्हणून नाही, सिलिंडर भरून आणायला पाऊण तास गाडी हाकावी लागते म्हणून. गादीबद्दल माझं मत तेच आहे.

व्हर्मॉंटची_मावशी:
वेगळा धागा काढणार नाही. पाटलांनी "सरबत" मागे घेतलेलं नाही अजून.