मदत हवी आहे : बांधकाम-स्थगितीला मुदतवाढ (कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी. इथे कॅलिफोर्नियात आमच्या शहराने डोंगरउतारावरच्या नव्या बांधकामांना ४५ दिवसांची तात्पुरती स्थगिती दिली आहे. ती संपत आलीय आणि मुदतवाढीसाठी जाहीर सुनावणी आहे. राज्याच्या कायद्यातल्या कलम ६५८५८ नुसार पहिली वाढ १० महिने १५ दिवसांची, दुसरी एक वर्षाची, त्यापुढे नाही. चार-पंचमांश मतं लागतात, म्हणजे आमच्या पाच जणांच्या कौन्सिलमध्ये चार. दोघे फिरले की संपलंच.

आरोग्याला किंवा सुरक्षिततेला तातडीचा धोका आहे, हे कौन्सिलला ठरावात नोंदवावं लागतं. वणव्यात बाहेर पडायला एकच अरुंद रस्ता आहे, हा मुद्दा मला सर्वांत भक्कम वाटतो; टेकडी सुंदर दिसते एवढ्यावर भागणार नाही. पण तिथे घरंच प्रस्तावित आहेत, मग २०१९ च्या एसबी ३३० ची (शहरांनी घरबांधणी रोखण्यावर मर्यादा घालणाऱ्या राज्याच्या कायद्याची) आडकाठी येईल का?

अशा सुनावणीत कुणी बोललं आहे का? अग्निशमन विभागाचं पत्र आधीच मिळवावं का? मुदत संपण्याच्या १० दिवस आधी शहराला लेखी अहवाल काढावा लागतो, तो कुणाकडे मागायचा? नगररचनेत काम करणाऱ्यांनी कृपया जरूर सांगा, माझ्या मताविरुद्ध असलं तरी.