दीनार हे नाव मूळचं रोमचं का?

वाशीमचा_पोट्टा:
राजेहो, एक इचारायचं होतं. गावच्या वाचनालयात एमपीएससीचा अभ्यास करून रायलो, गुप्तकाळात सोन्याच्या नाण्याले दीनार म्हणत असं वाचलं, अन् कुवेत-इराकात तर आजही दिनारच चालते. हे नाव रोमच्या डेनारियसवरून आलं म्हणतात ते खरं हाय का? डेनारियस तर चांदीचा होता ना, मंग सोन्याले ते नाव काऊन?

रामटेकचे_मास्तर:
खरं आहे बावा. लॅटिनमध्ये ‘डेनी’ म्हणजे दहा-दहा, त्यावरून डेनारियस, म्हणजे दहाचं नाणं. कार्थेजचा सेनापती हॅनिबलसोबत लढाई चालू असतानी, इ.स.पू. 211च्या आसपास रोमनं हे काढलं, तवा एकाचे दहा ‘अस’ यायचे. अस म्हणजे त्यांचं काशाचं नाणं. सुरुवातीच्या डेनारियसचा फोटो मोठा करून पाय, शिरस्त्राण घातलेल्या रोमा देवीच्या डोक्यामागं फुलीसारखा रोमन दहाचा आकडा आहे. पुढं इ.स.पू. 141च्या सुमारास एकाचे सोळा अस झाले तरी नाव दहाचंच राहिलं, आपण नाई का 25 पैशाले चाराणे म्हणत, 1957 मध्ये दशमान पद्धत आली तरी.

नाणी_जुनी:
सोन्याचं मी सांगतो. रोमच्या सोन्याच्या नाण्याले आपण नुसतं ऑरियस म्हणतो पण पूर्ण नाव ‘डेनारियस ऑरियस’, म्हणजे सोन्याचा डेनारियस, एकाचे 25 चांदीचे. हे नाणं व्यापारात भारतात लय आलं, दक्षिणेत तर ढिगानं सापडते. रोमन लेखक प्लिनी तर कुरकुरला होता की दरवर्षी 5 कोटी सेस्टर्स (रोमचंच एक छोटं नाणं) भारतात जातात म्हणून. म्हणून सोन्याच्या नाण्याले दीनार हे नाव इथं रुजलं. सांचीच्या शिलालेखात 25 दीनारांचं दान कोरलेलं आहे, गुप्त संवत 93, म्हणजे इ.स. 412-13. तवा द्वितीय चंद्रगुप्ताचं राज्य होतं, ज्याची लेक प्रभावतीगुप्ता आपल्या नगरधनाकडं वाकाटकांची राणी होती. परीक्षेले जातोस तर हे पाठच करून टाक.

वाशीमचा_पोट्टा:
लय भारी भाऊ! अन् कुवेतचं?

रामटेकचे_मास्तर:
ते बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या, सोन्याच्या नाण्याच्या वाटेनं आलं. अरबांकडं आधी तेच नाणं चालायचं, त्यालेच ते दिनार म्हणत. मंग खलिफा अब्द अल-मलिकनं 696-97 मध्ये चित्र काढून टाकून नुसत्या अक्षरांचा दिनार पाडला, साधारण सव्वाचार ग्रॅमचा.