बोलण्यापुरता फोन आणि 'अनलिमिटेड'चा रिचार्ज: परवडतंय की लादलं जातंय?

सातारकर (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आईचा गॅस सिलिंडर दारातून परत गेला. गाडीवाल्याने मोबाईलवर आलेला कोड मागितला आणि आईच्या फोनवर कोड आलाच नव्हता. रिचार्ज संपून दहा दिवस उलटलेले, इनकमिंगही बंद. तारीख मी विसरलो, ती चूक माझीच. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

आई ७४ वर्षांची. हातात बटणांचा फोन. दिवसात दोन फोन येतात, एखादा ती करते. एवढ्यासाठी दर २८ दिवसांनी १९९ रुपये जातात आणि सोबत २ जीबी डेटा मिळतो, जो तिच्या फोनला वापरताच येत नाही. वर्षात महिने १२, रिचार्ज मात्र १३. म्हणजे २,५८७ रुपये. तिच्याच हातात पूर्वी असाच फोन होता तेव्हा वीस-तीस रुपयांचा टॉपअप दोन-दोन महिने पुरायचा आणि येणाऱ्या फोनला तर काहीच लागत नसे.

ज्याला भरपूर लागतं त्याला अनलिमिटेड स्वस्तच आहे, हे मला मान्य. पण ज्याला थोडंच लागतं त्याच्यासाठी स्वस्त असं काही उरलेलंच नाही. भरपूर वापरणाऱ्याचा भार थोडं वापरणाऱ्यावर पडतोय असं माझं मत आहे. इतरांना काय वाटतं?

रायडर_पिंपरी

दादा, मला नाही पटलं. मी डिलिव्हरीचं काम करतो. सकाळी दहापासून रात्री अकरापर्यंत नकाशा चालू आणि दिवसाला साठ-सत्तर कॉल. 'मॅडम, कुठली विंग?', 'सर, गेटवर आलोय'. मिनिटाला पैसे लागत होते त्या काळात हे काम करताच आलं नसतं. २८ दिवसांना ३४९ देतो, रोज २ जीबी. दिवसाला साडेबारा रुपये पडतात. गाडीत रोज दोनशेच्या वर पेट्रोल जातं, त्यापुढे हे काय?

२०१६ च्या आधी एक जीबी महिनाभर पुरवायचो आणि त्याला अडीचशे मोजायचो. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला आलं आणि आमच्यासारख्यांना इंटरनेट परवडायला लागलं. ते दिवस परत नकोत.

हिशोबतपासनीस

सातारकर, तुमचा त्रास खरा आहे, पण त्याचं कारण तुम्ही चुकीचं धरलंय. आई दिवसातून एकच फोन करते म्हणून कंपनीचा खर्च कमी होत नाही. टॉवर, त्याची वीज, डिझेल, स्पेक्ट्रमचे (ज्या लहरींवर फोन चालतो त्यांचे) लिलावातले पैसे हे सगळं आई फोन उचलो न उचलो, चालूच राहतं. खर्च आहे तो तिचा नंबर चोवीस तास जिवंत ठेवण्याचा. ती किती वापरते याने फारसा फरक पडत नाही.

हे बाजारातच दिसलं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, सांगितलं की डेटा नको असलेल्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन द्या. जिओचा ३३६ दिवसांचा २४ जीबीवाला प्लॅन १,८९९ ला होता. त्याच मुदतीचा बिनडेटाचा प्लॅन शेवटी १,७४८ वर येऊन थांबला. म्हणजे २४ जीबी काढून कमी झाले १५१ रुपये. तुम्ही ज्या डेटाबद्दल तक्रार करताय त्याची किंमत एवढीच. बाकीचे पैसे नंबरचेच आहेत.

सातारकर (धागाकर्ता)

तुमचा आकडा बरोबर आहे, पण तो माझीच बाजू मांडतो. डेटा इतका स्वस्त आणि नंबर नुसता चालू ठेवणं इतकं महाग, तर मग गरीब माणसाने करायचं काय? नंबर आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. आधार, बँक, रेशनची केवायसी, गॅस, दवाखान्याचा नंबर, सगळं त्याच्यावर. पूर्वी फोन बंद पडला तर फक्त बोलणं थांबायचं. आता सिलिंडर परत जातो.

आणि खर्च कायमचाच असेल तर मग जुलै २०२४ ला जिओचा रोज दीड जीबीवाला २३९ चा प्लॅन एकदम २९९ कसा झाला? २५ टक्के. त्याच आठवड्यात एअरटेलचा तेवढ्याच डेटाचा २९९ वरून ३४९. टॉवर तर तेच होते.

हिशोबतपासनीस

कारण दर ट्राय ठरवत नाही, कंपन्यांना मोकळीक आहे. एअरसेल, टेलिनॉर, टाटा डोकोमो होते तेव्हा ही मोकळीक ग्राहकाच्या कामी आली. आता तीन खाजगी आणि बीएसएनएल. दरवाढीत मला स्पर्धा कमी झाल्याचा दोष दिसतो, अनलिमिटेड या पद्धतीचा नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा एवढंच माझं म्हणणं.

चार_सिमचं_घर

सरासरी काढून बोलणाऱ्यांनी एकदा आख्ख्या घराचा हिशोब मांडावा. आम्ही चौघं. मिस्टर, मी, कॉलेजातली मुलगी, सासूबाई. २९९ गुणिले ४ गुणिले १३ केले तर १५,५४८ रुपये होतात. घरात वायफाय आहे, त्याचं बिल वेगळं. मी दिवसभर घरी. माझा दीड जीबी रोज रात्री बाराला वाया जातो. कालचा उरलेला आज मिळत नाही. वाण्याकडून आणलेले तांदूळ उरले तर डब्यात राहतात, महिना संपला म्हणून वाणी ते परत नेत नाही. मग पैसे भरून घेतलेला डेटा का जातो?

रायडर_पिंपरी

ताई, हे मात्र शंभर टक्के बरोबर. आणि नाव अनलिमिटेड असलं तरी कोटा संपला की वेग ६४ केबीपीएस होतो. फाईव्ह-जीला मोजमाप नाही, पण जुन्या चाळींच्या बोळात शिरलं की फोन फोर-जीवर जातो आणि कोटा खायला लागतो. रात्री साडेदहाला शेवटची ऑर्डर पाठीवर, नकाशावरचा गोल फिरतोय आणि कस्टमरचा फोन येतोय. कॉलना अनलिमिटेड म्हणा, डेटाला म्हणू नका.

तरी मी दादांशी सहमत नाही. थोडं वापरणाऱ्यांसाठी मिनिटांचे दर परत आणले तर कंपन्या हळूहळू सगळ्यांनाच तिकडे ओढतील. ऑक्टोबर २०१९ मध्ये जिओवरून दुसऱ्या नेटवर्कला मिनिटाला ६ पैसे लागायला लागले होते ते आठवा. घरी फोन करताना माझा बाप घड्याळ बघून बोलायचा.

मोबाईलदुकान_लातूर

माझं दुकान एसटी स्टँडजवळ आहे. रोजचं बघतो ते सांगतो. शेतकरी म्हातारा येतो, खिशातून फोन काढतो, 'मालक, बोलण्यापुरतं टाका'. मी कंपनीचं ॲप उघडतो. वर मोठ्या अक्षरात रोजच्या डेटाचे प्लॅन, मग सिनेमावाले, मग क्रिकेटवाले. बिनडेटाचा प्लॅन पार खाली, अंगठ्याने सरकवत जावं लागतं. म्हातारा स्वतः कुठून शोधणार? ट्रायने प्लॅन काढायला लावले हे चांगलं झालं, पण ते माणसाला दिसले पाहिजेत.

ते प्लॅन आहेत, सातारकर. जिओचा ४४८, एअरटेलचा ४६९, दोन्ही ८४ दिवसांचे. एअरटेलचा वर्षाचा १,८४९, पूर्ण ३६५ दिवस. हे २०२५ च्या सुरुवातीचे दर, टाकायच्या आधी एकदा बघून घ्या. आणि २८ दिवसांचं म्हणाल तर २०२२ पासून ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा असे दोन्ही प्लॅन प्रत्येक कंपनीला ठेवावे लागतात. मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

पण एक अडचण राहतेच. माझ्याकडे येणाऱ्या मजुराकडे एका वेळी १,८४९ नसतात. त्याच्याकडे दोनशे असतात. वर्षाचा स्वस्त प्लॅन मिळतो तो ज्याच्याकडे एकरकमी पैसे आहेत त्याला, आणि ज्याच्याकडे नाहीत तो वर्षभर १३ वेळा महाग घेतो. उधारीवर मी किती जणांना टाकणार?

हिशोबतपासनीस

हा मुद्दा माझ्या हिशोबात नव्हता. १,८४९ म्हणजे दिवसाला ५ रुपये ७ पैसे, १९९ म्हणजे ७ रुपये ११ पैसे. एकाच सेवेला गरीब माणूस दिवसाला दोन रुपये जास्त देतोय. याचं समर्थन मी करू शकत नाही. बिनडेटाचा, ३० दिवसांचा, दीडशेचा प्लॅन प्रत्येक कंपनीला ठेवायला लावला पाहिजे.

रायडर_पिंपरी

दीडशेत कॉल अनलिमिटेड असतील तर माझा पाठिंबा. मिनिटं मोजणार असाल तर नाही.

सातारकर (धागाकर्ता)

मिनिटं नकोतच. आई एकाच भावाशी बोलते, पण तासभर बोलते.

लातूरकर, तुम्ही सांगितल्यावर आज वर्षाचा रिचार्ज टाकला. संपायची तारीख तिच्या देवघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून घेतली आणि शेजारच्या वहिनींनाही सांगून ठेवली. तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी किती जण एकरकमी भरू न शकल्यामुळे २८ दिवसांचा घेतात, हे महिनाभर वहीत टिपून ठेवाल का? ट्राय दरांवर लोकांची मतं मागवतं, तेव्हा तो आकडा मला पाठवायचा आहे.

मोबाईलदुकान_लातूर

उद्यापासून टिपतो. नावं लिहिणार नाही, फक्त रेघा मारतो.