मदत हवी आहे: बाह्यकोन दिला की क्ष चुकतोय (नववी, त्रिकोण)

प्रश्न (औसा, जि. लातूर)
त्रिकोण अबक मध्ये ∠अ = (२क्ष + १०)°, ∠ब = (३क्ष − २०)°. बाजू बक पुढं ड पर्यंत वाढवली आहे, ∠अकड = (६क्ष − ४०)°. तिन्ही कोन काढायचेत. लेकरानं तिन्हींची बेरीज १८०° धरली. ११क्ष − ५० = १८०, म्हणून क्ष = २३०/११ यायलंय. कुठं चुकलं?

प्रतिसाद (परभणी)
समीकरण सोडवलंय बरोबर, मांडलंय चुकीचं. १८०° होते ती आतल्या तीन कोनांची बेरीज आणि ∠अकड तर बाहेर आहे. आकृती न काढता नुसती पदं वाचली की हमखास असं होतं. बाह्यकोन हा त्याच्या दूरस्थ आंतरकोनांच्या (त्याला लागून नसलेल्या आतल्या दोन कोनांच्या) बेरजेइतका असतो:
(२क्ष + १०) + (३क्ष − २०) = ६क्ष − ४०
५क्ष − १० = ६क्ष − ४०
क्ष = ३०
∠अ = ७०°, ∠ब = ७०°, ∠अकड = १४०°, म्हणून ∠अकब = ४०°. ७० + ७० + ४० = १८०.
अपूर्णांक आला म्हणून उत्तर चूक, असं मात्र लेकराला शिकवू नका. कोन अपूर्णांकातही असतो. २३०/११ चूक का, तर त्यानं ∠अ + ∠ब = १०४०/११ येतात आणि ∠अकड ९४०/११; प्रमेय जुळत नाही.

प्रतिसाद (नांदेड)
प्रमेय आठवलं नाही तर रेषीय जोडी (सरळ रेषेवरचे शेजारचे दोन कोन, बेरीज १८०°) घ्या: ∠अकब = १८० − (६क्ष − ४०) = २२० − ६क्ष. मग आतल्या तिन्ही कोनांची बेरीज १८० मांडा. कंस सोडताना चिन्ह बदलायचं राहतं. १४० − ६क्ष लिहिलं तर क्ष = −५० येतो आणि ∠अ थेट −९०°! क्ष ऋण असू शकतो, कोन कधीच नाही. म्हणून क्ष मिळाला की थांबू नका, तो प्रत्येक कोनात घालून बघा.

प्रश्नकर्ता
समजलं, आभारी आहे. अजून एक: समद्विभुज त्रिकोणात शिरःकोन (दोन समान बाजूंमधला) पायाच्या कोनाच्या चौपट. क्ष + ४क्ष = १८०, क्ष = ३६ बरोबर का?

प्रतिसाद (परभणी)
नाही. पायाचे कोन दोन असतात. क्ष + क्ष + ४क्ष = १८०, क्ष = ३०. कोन ३०°, ३०°, १२०°. पत्र्याच्या शेडची कैची (छपराखालचा त्रिकोणी सांगाडा) डोळ्यांपुढं आणा, दोन्ही टोकांना सारखाच उतार असतो.