सामुदायिक नॅरोबोटवर गटाचा मुक्काम : आतील सोयी कशा असतात?

प्रश्न
इंग्लंडमधील आमच्या ज्येष्ठांच्या गटातील दहा जणांना एका धर्मादाय संस्थेची नॅरोबोट (अरुंद कालव्यांसाठीची लांब, चिंचोळी नौका) भाड्याने घेऊन कालव्यावर तीन रात्री राहायचे आहे. माहितीपत्रकात ‘12 जणांची सोय’ एवढेच लिहिले आहे. गटातील एक ताई व्हीलचेअर वापरतात. झोपण्याची, स्नानाची आणि शौचालयाची व्यवस्था प्रत्यक्षात कशी असते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर 1
तेथील अरुंद कालव्यांची लॉक्स (पाण्याची पातळी बदलून नौका वर-खाली नेणारे दरवाजेबंद कप्पे) सुमारे 7 फूट रुंदीची असल्याने नॅरोबोटीची रुंदी साधारण 6 फूट 10 इंचांच्या पुढे जात नाही. लांबी मात्र 70 फुटांपर्यंत असू शकते, आणि आतील सर्व मांडणी या चिंचोळ्या आकारातूनच ठरते. एका बाजूला ये-जा करण्याची वाट सोडली की उरलेल्या जागेत एकावर एक बंक (झोपण्याचे अरुंद फळीवजा पलंग) बसवतात, आणि अनेक नौकांत जेवणाचे टेबल खाली उतरवून त्यावरच रात्रीचे अंथरूण घालतात, म्हणजे तेथे झोपणारा उठल्याशिवाय कोणालाही नीट बसून चहा घेता येत नाही. बारांपेक्षा अधिक प्रवासी नेणारी नौका कायद्याने प्रवासी जहाज ठरते आणि तिला वेगळे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे 12 हा आकडा बहुधा त्या मर्यादेवरून आलेला असतो. माझ्या मते तुम्ही संस्थेकडून आराखडाच मागवावा आणि टेबलावर अंथरूण न घालता किती जण झोपू शकतात, वरच्या बंकवर चढायला शिडी आहे का, हे विचारावे. स्वयंसेवक स्किपर (नौका चालवणारा) नौकेवरच मुक्काम करणार असेल, तर एक जागा त्याचीही धरा.

उत्तर 2
ताईंसाठी केवळ ‘व्हीलचेअरसाठी सोयीची’ या शब्दांवर विसंबू नये. काही सामुदायिक नौकांवर काठावरून आत उतरवणारी लिफ्ट असते, परंतु लिफ्ट शयनकक्षापर्यंत पोहोचवेलच असे नाही. खुर्चीची रुंदी मोजून दारे, वाट आणि शौचालयात वळायची जागा यांची मापे मागवा. रुंद नौका अधिक सोयीची खरी, पण ती केनेट अँड एव्हनसारख्या रुंद कालव्यांवरच चालते. स्टॅफर्डशायर अँड वूस्टरशायर कालव्याच्या अरुंद लॉक्समधून तिला जाता येणार नाही.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. दहा जणांना पाणी आणि शौचालय पुरते का?

उत्तर 3
पुरते, पण काटकसरीने. पाणी टाकीत साठवलेले असते आणि वाटेतील नळांवर ती भरावी लागते; टाकी मोठी असेल तर त्यात बराच वेळ जातो. गरम पाणी बहुधा इंजिनच्या उष्णतेवर तापते, म्हणून दिवसभर नौका चालल्यावर संध्याकाळीच स्नाने उरकावीत; इतर नौकांजवळ मुक्काम असताना रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन चालवू नये असा कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेचा नियम आहे. शौचालय कॅसेट पद्धतीचे असेल तर मैल्याचा काढता येणारा डबा तुम्हालाच नेऊन रिकामा करावा लागतो. पंप-आउट पद्धतीत मैल्याची टाकी मोठी असते आणि ती ठरावीक ठिकाणी पंपाने उपसून घेतात. दहा जणांसाठी मी पंप-आउट आणि दोन शौचालये असलेलीच नौका घेईन, कारण एकच असेल तर सकाळी त्या चिंचोळ्या वाटेत रांग लागते आणि ताईंना खुर्चीवरून पुढे जाणेही कठीण होते. अंथरूण-पांघरूण नौकेवर मिळते की घरून न्यायचे, तेही आताच विचारून ठेवा.