हिंजवडीला रोज जायचं की घरून काम? तुमचं मत सांगा

वारजेकरीण
आयटीत पुन्हा ऑफिसला बोलावणं सुरू आहे. टीसीएसने २०२३ च्या ऑक्टोबरपासून पाचही दिवस यायला सांगितलं, इन्फोसिसने २०२५ च्या मार्चपासून महिन्यातले किमान दहा दिवस. आमच्याकडे गेल्या महिन्यापासून आठवड्यातले चार दिवस सक्तीचे झालेत.

माझा कालचा दिवस सांगते. सव्वाआठला वारज्यातून निघाले. चांदणी चौकात नवा पूल झाल्यापासून बरं आहे, पण वाकडला उतरलं की गाडी मुंगीच्या पावलाने. हिंजवडीच्या फेज ३ ला पोचायला पावणेदहा. जागेवर बसून हेडफोन लावला. पहिला कॉल हैदराबादच्या दोघांशी, दुसरा नागपूरच्या टेस्टरशी. माझ्या टीममधलं आमच्या मजल्यावर कुणीच बसत नाही. शेजारच्या मुलाचा आवाज माझ्या कॉलमध्ये जायला लागला, म्हणून लॅपटॉप हातावर धरून जिन्यात उभी राहिले. संध्याकाळी साडेसातला शिकागोच्या क्लायंटचा कॉल. तो रस्त्यात घ्यायला नको म्हणून थांबले, घरी यायला पावणेदहा. लेक झोपून गेली होती.

हेच काम मी २०२० पासून चार वर्षं घरून केलं, सॉफ्टवेअरचं एकही रिलीज चुकलं नाही. मग रोजचे हे अडीच-तीन तास कुणाच्या उपयोगी पडतात?

बावीस वर्षं कोडिंग
ताई, तुमचा त्रास खरा आहे. पण २०२० मध्ये तुम्ही घरी बसलात तेव्हा तुम्हाला काम येत होतं. ज्याला अजून येत नाही त्याचं काय?

गेल्या वर्षी माझ्याकडे एक फ्रेशर आला, पूर्णवेळ घरून. रोज स्टँडअपला, म्हणजे कामाच्या छोट्या आढावा कॉलला, "चालू आहे सर" म्हणायचा. चौथ्या दिवशी त्याला ऑफिसला बोलावलं, खुर्ची ओढून शेजारी बसलो. दहा मिनिटांत सापडलं: कॉन्फिग म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये पत्ता जुन्या टेस्ट सर्व्हरचा होता. कोड बरोबर होता आणि पोरगा तीन दिवस तोच बदलत बसला होता. विचारलं का नाहीस म्हटलं, तर म्हणाला, "सर, चॅटवर तुमच्या नावापुढे सारखा 'बिझी'चा लाल ठिपका असायचा." समोर असतो तर मी चहाला उठल्यावर त्याने मला गाठलं असतं. मी स्वतः असाच शिकलो, सीनियर मंडळी बोलत असायची ते कानावर पडून.

मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०२१ मध्ये छापला. सगळे घरून काम करायला लागल्यावर वेगवेगळ्या गटांचा एकमेकांशी संपर्क कमी झाला, असं त्यात दिसलं.

वाशिष्ठीकाठ
दादा, तो ठिपका लाल होता यात घराचा काय दोष? दिवसातला अर्धा तास त्या मुलासाठी बांधून ठेवायचा, स्क्रीन शेअर करायची. मी चिपळूणहून तीन मुलींना असंच शिकवलं. त्यातली एक आज अख्खं मॉड्यूल सांभाळते.

नवा जॉइनर
मी त्या फ्रेशरच्या जागी आहे. मारुंजीत एका फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण राहतो. घरून काम असलं की दोघांचे कॉल एकाच वेळी येतात, मग एक जण किचन ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याने बोलतो. मला ऑफिसच हवं. तिथे टेबल आहे, नेट आहे, विचारायला माणूस आहे. पण पगार वर्षाला साडेतीन लाखांचा. भाडं, मेस आणि बाइकचं पेट्रोल जाऊन लातूरला पाठवायला फार थोडं उरतं. आणि ज्यांच्यासाठी मी यायचं ते सीनियर त्या दिवशी घरी असतील, तर मी तिथे एकटाच.

आकडे बघणारा
याचं उत्तर एका अभ्यासात आहे. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतल्या १,६१२ जणांवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. निम्म्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून काम, बाकीच्यांना पाचही दिवस ऑफिस. घरून काम असलेल्यांत नोकरी सोडणं एक तृतीयांशाने घटलं, जास्त करून बायकांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये. कामाच्या मूल्यमापनात आणि बढतीत फरक पडला नाही. घरचे दिवस ठरलेले होते, बुधवार आणि शुक्रवार. म्हणजे बाकीचे तीन दिवस सगळे एकत्र. आपल्याकडे गेटवरचे कार्ड स्वाइप मोजतात, पण कोण कुणासोबत बसतं ते कुणी बघत नाही.

बावीस वर्षं कोडिंग
दिवस ठरलेले हवेत हे पटलं. तरी पहिले सहा महिने नव्या माणसाने आणि त्याला शिकवणाऱ्याने पाचही दिवस यावं, या मताला मी चिकटून आहे. अर्ध्या तासाच्या स्क्रीन शेअरमध्ये तो तयार करून आणलेले प्रश्न विचारतो. त्याला नेमकं काय सुचत नाहीये, ते शेजारी बसल्यावर दिसतं.

वारजेकरीण
सर, माझ्या टीममध्ये पुण्यातला फ्रेशर आला तर मी सहा महिने रोज येईन, हे मनापासून लिहितेय. आज मात्र तिथे माझं असं कुणी नाही. नवा जॉइनर, तुझं शेवटचं वाक्य मी उद्या मॅनेजरला जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

नवा जॉइनर
चालेल ताई. फक्त मारुंजीचं नाव घेऊ नका.